नगरपरिषदेच्या खर्चावरच्या मर्यादा नक्की कुणाला नडतात?

घंटागाडी
सभागृहाने गटाराचा ठराव करायचा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम ३०८ लावून तो स्थगित करायचा. नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तरी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाची कुलपं तशीच. महिला-बालकल्याणाचे ५ टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के, दुर्बल घटकांचे ५ टक्के राखून ठेवायचे, योजनेचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. निदान घरपट्टीचा पैसा तरी मोकळा सोडा. तो आमचा आहे. चुकलो तर लोक पाच वर्षांनी घरी बसवतीलच.

जमाखर्च
ही पोस्ट तीन दिवस फिरते आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कुलपं आहेत, पण चुकीच्या दाराला. कायदा काय बघतो? अंदाजपत्रकात त्या लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या खात्यावर, तरतूद आहे का. तिजोरीत पैसा आहे का, हे बिल निघताना कळतं, तोवर काम झालेलं असतं. तरतूद वाढवायची सोपी युक्ती म्हणजे जमेची बाजू फुगवणं. समजा, ब वर्ग म्हणजे मध्यम आकाराची नगरपरिषद. घरपट्टीची चालू मागणी ३ कोटी, थकबाकी अडीच कोटी. अंदाजपत्रकात जमा धरली पूर्ण साडेपाच कोटी, वसुली आली २ कोटी ८० लाख. म्हणजे २ कोटी ७० लाख नुसती हवा. फेब्रुवारीच्या विशेष सभेत मात्र एक लाख चौदा हजारांचं शिलकी अंदाजपत्रक, टाळ्या, फोटो. मे महिन्यात त्या हवेवर कार्यारंभ आदेश सुटतात आणि पुढच्या मार्चला ठेकेदार लेखापालाच्या टेबलापुढे ठाण मांडून बसतात.

आता "आमचा पैसा". सगळी खाती मिळून बँकेत ३ कोटी दिसतात. त्यात योजनांचे १ कोटी ८० लाख. ठेकेदारांची सुरक्षा अनामत ६० लाख, ती परत द्यायची आहे. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकराचे ३५ लाख, ते राज्याचे. तुम्ही फक्त पावती फाडणारे. उरले २५ लाख. बऱ्याच ठिकाणी पगार या अनामतीतूनच निघतो, आणि दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपून ठेकेदार अनामत मागायला आला की धावपळ उडते.

घंटागाडी
जमा फुगवली तर लेखापरीक्षण कशाला आहे? स्थानिक निधी लेखापरीक्षावाले येतातच की.

जमाखर्च
येतात, खर्च झाल्यावर. १९३० च्या लेखापरीक्षा कायद्यात अधिभार बसवण्याची, म्हणजे नुकसान जबाबदार माणसाकडून वसूल करण्याची, सोय आहे. प्रत्यक्षात आक्षेप निघतो, पूर्तता अहवाल जातो, तो अमान्य होतो, परत जातो. तोपर्यंत मुख्याधिकाऱ्यांची बदली झालेली, नगरसेवक माजी झालेले.

आणि मोकळीक नाही कशी? १९६५ च्याच अधिनियमात कलम ५८(२) आहे. तातडीच्या प्रसंगी नगराध्यक्षांनी काम सुरू करायचा आदेश द्यायचा, पैसे नगरपरिषद निधीतून, माहिती पुढच्या सभेपुढे. फुटलेल्या जलवाहिनीसाठी हे कलम आहे. त्यात स्वागत कमान बसवली की बोंब कुणाच्या नावाने?

मोजपट्टी
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. खर्चाची मर्यादा म्हटली की खरा खेळ तुकड्यांचा असतो. ई-निविदेची मर्यादा तीन लाख होती, म्हणजे त्यावरच्या कामाला ऑनलाइन निविदा सक्तीची, तेव्हाच्या फायली काढा. एकामागून एक कामं दोन लाख नव्वद हजारांच्या पुढची आणि तीन लाखांच्या आतली. "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता, भाग १." भाग २ त्या तमुकांच्या घरापासून सुरू.

वॉर्ड नऊ
मग काय करायचं? एका गल्लीसाठी निविदा सूचना, मुदत, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा. तीन निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ. पावसाळा येतो. तुकडे करणारा प्रत्येक जण चोर नसतो हो.

मोजपट्टी
चोर म्हटलेलं नाही, पण हिशोब ऐका. २४० मीटर गल्ली, ३ मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाडी: ७२ घनमीटर काँक्रीट. एकच काम असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५ नमुने, प्रत्येकी मजबुती तपासायचे ३ ठोकळे, एकूण १५. चार तुकडे केले की प्रत्येकी १८ घनमीटर, ३ नमुने, म्हणजे सगळे मिळून १२ नमुने, ३६ ठोकळे. कागदावर तुकड्यांनी तपासणी वाढायला हवी. होतं काय, तर एकाच अहवालाच्या चार झेरॉक्स चार फायलींना. ठोकळे भरल्याची तारीख सगळीकडे एक, आणि भाग ३ चा कार्यारंभ आदेश त्या तारखेच्या नंतरचा! आदेशाआधीच काँक्रीट पडलं म्हणायचं.

वॉर्ड नऊ
हे अभियंत्यांचं पाप. त्याचं खापर नगरसेवकांवर कशाला?

मोजपट्टी
तांत्रिक मान्यता अभियंत्याची, पण सभेच्या विषयपत्रिकेवर चार विषय म्हणून आणतं कोण? अख्ख्या गल्लीचं एकच अंदाजपत्रक करा असं सांगून बघा एकदा, मग कळेल खुर्ची किती दिवस टिकते. ओळखायचं असेल तर तीन गोष्टी बघा. चारही तांत्रिक मान्यतांची तारीख एक. दरपत्रकं देणारे तेच तिघं, फक्त पहिला क्रमांक आळीपाळीने. आणि मोजमाप पुस्तिकेत एका भागाचा शेवट "मंदिरापर्यंत", पुढच्याची सुरुवात "मंदिराच्या अलीकडून". त्या अलीकडच्या सात-आठ मीटरचे पैसे दोनदा जातात.

घंटागाडी
वा! म्हणजे मर्यादा होती म्हणून तुकडे झाले, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आभारी आहे. माझा मुद्दा तोच होता.

मोजपट्टी
तुमचा मुद्दा तो नव्हता. तरी अर्धा मान्य. आकडा कितीही ठेवा, कामं त्याच्या दोन-पाच हजार खालीच येऊन थांबणार. मर्यादा रकमेवर ठेवण्यापेक्षा रस्त्यावर ठेवा: एका रस्त्याचं एका वर्षात एकच काम.

जमाखर्च
मीही एक देऊन टाकतो, नाइलाजाने. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानाचे ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी. ज्या गावाची पाणीयोजना नुकतीच झाली आणि रस्त्यांची चाळण झाली आहे, त्याला हा पैसा नडतो. तिथे घंटागाडी बरोबर. पण उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापना चालत नाही, ती अट मी काढू देणार नाही. नाहीतर भरती आधी होईल आणि गटार कधीच होणार नाही.

वॉर्ड नऊ
आणि त्याच आयोगाची मालमत्ता कराची अट? राज्याच्या सकल उत्पन्नाची पाच वर्षांची सरासरी वाढ जेवढी, तेवढी कराची वसुली वाढायला हवी, नाहीतर अनुदान नाही. क वर्गाच्या गावात ना कारखाना, ना बाजारपेठ. मुंबई-पुण्याच्या वाढीचं माप आमच्या गावाला?

जमाखर्च
माप चुकीचं आहे, कबूल. पण फेरमूल्यांकन किती वर्षं अडवून ठेवलंय तेही सांगा. दोन मजले चढलेल्या घराला अजून पत्र्याच्या खोलीची घरपट्टी.

वॉर्ड नऊ
निवडणुकीच्या तोंडावर फेरमूल्यांकन तुम्ही करून दाखवा.

जमाखर्च
प्रशासक असताना निवडणुका नव्हत्या ना, तेव्हा कुठे झालं?

घंटागाडी
१९९९ ला जकात गेली, तेव्हापासून त्याबदल्यात राज्याचं सहायक अनुदान येईल तेव्हा पगार, हे का कोणी बोलत नाही? उत्पन्नाचा हात कापायचा आणि वर खर्चाला शिस्त शिकवायची!

जमाखर्च
हे बरोबर आहे. मात्र जकात परत येणार नाही, म्हणून साडेपाच कोटींच्या जागी मागच्या तीन वर्षांच्या वसुलीची सरासरी लिहायला सुरुवात करा. मुख्याधिकाऱ्यांनी आकडा फुगवून आणला तर विशेष सभेत लेखी विरोध नोंदवा. त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही, ३०८ सुद्धा आड येत नाही.

घंटागाडी
सरासरी लिहिली तर गटाराला तरतूदच उरत नाही.

मोजपट्टी
उरते. अर्ध्या गटाराला. फक्त त्याचे भाग पाडू नका.