१९३७ची पॅकार्ड १२०: इंजिन गरम झालं की स्टार्टर रखडतो

प्रश्न: रिस्टोर केलेली पॅकार्ड (जुनी अमेरिकन गाडी), सेडान, मूळ ६ व्होल्टची वायरिंग. थंड असताना लगेच चालू होते. अर्धा तास चालवून बंद केली की स्टार्टर जेमतेम फिरतो. बॅटरी नवी आहे. १२ व्होल्ट करून टाकू का?

उत्तर १: घाई नको. आधी केबल बघा. ६ व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट करंट लागतो, त्यामुळे आजच्या गाड्यांची बारीक केबल चालत नाही. १/० किंवा २/० गेजची (म्हणजे चांगली जाड) हवी. दुसरं म्हणजे अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं एक टोक गाडीच्या धातूला जोडणं. रिस्टोरेशनमध्ये चॅसी इतकी देखणी रंगवतात की अर्थ स्ट्रॅपखाली (अर्थिंगच्या पट्टीखाली) रंगच उरतो. तो खरवडून धातू उघडा करा. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं प्लस टोक आणि स्टार्टरची बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा (पॅकार्डमध्ये प्लस अर्थ असतो, म्हणजे बॉडीला प्लस टोक जोडलेलं असतं, विसरू नका). ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त ड्रॉप (वाटेत वाया जाणारा व्होल्टेज) आला तर दोष तिथेच. मायनस टोक ते स्टार्टरचा टर्मिनल, हेही तसंच तपासा.

उत्तर २: इंजिन जास्तच तापतंय का? ब्लॉकच्या आत पाणी वाटणारी पत्र्याची नळी असते. ती गंजली की मागचे सिलिंडर तापतात. रेडिएटर बदलून उपयोग नाही.

उत्तर ३: मूळ वायरिंग ठेवाच, हे मॉडेल तेवढं महत्त्वाचं आहे. १९३५ साली मंदीत पॅकार्डला तारलं ते याच मध्यम किमतीच्या १२० मॉडेलने. हायड्रॉलिक ब्रेकही यातच आधी आले, महागड्या मॉडेलना १९३७मध्ये.