मदत हवी आहे : ल्युसी सदरलंड यांच्याविषयी काय वाचू?

ईस्ट इंडिया कंपनीचं लंडनमधलं राजकारण वाचताना इतिहासकार ल्युसी सदरलंड यांचं नाव सारखं समोर येतंय. जन्म १९०३, ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचा. शिक्षण दक्षिण आफ्रिकेत आणि मग ऑक्सफर्डला. १९४५ ते १९७१ ऑक्सफर्डमधल्याच लेडी मार्गारेट हॉल या तेव्हाच्या महिला कॉलेजच्या प्रमुख. एवढा व्याप सांभाळून १९५२मध्ये कंपनीवरचा जाडजूड ग्रंथही लिहिला! (आम्हाला शाळेत क्लाइव्ह शिकवला, पण कंपनीचे भागधारक मतांसाठी कसे झगडायचे हे कुणी सांगितलंच नाही.)

कॉलेज चालवणाऱ्या सदरलंडबाई कशा होत्या, हे कुठे वाचायला मिळेल? आठवणी, पत्रं, मृत्युलेख, काहीही चालेल. मराठीत कुणी लिहिलंय का? आणि त्यांचा ग्रंथ नवख्याने थेट वाचावा की आधी दुसरं काही?