राजगड-तोरणा-रायगड दोन दिवसांत: सॅकमधलं काय काढू?

मावळवाट:
जानेवारीत आम्ही दोघं राजगड-तोरणा-रायगड करणार आहोत. बहुतेक जण तीन दिवस घेतात, आम्हाला दोन दिवसांत करायचंय. पळत नाही, पण भरभर चालत. पहाटे राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे सोडायचं, मुक्काम मोहरी गावात, दुसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीने, खाली उतरून संध्याकाळपर्यंत रायगडाच्या पायथ्याची रायगडवाडी. सॅक पाण्यासकट अकरा किलो भरतेय: तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दोन दिवसांचा शिधा, तीन लिटर पाणी. परदेशी व्हिडिओंत साडेचार किलोच्या सॅक दाखवतात, पण ते सामान आमच्या खिशाला परवडणारं नाही. काय काढू?

कारवी:
साडेचार किलो म्हणतात ते अन्न, पाणी आणि इंधन सोडून. तुझ्या अकराशी त्याची तुलना करू नकोस. आणि नवीन काही विकत घेऊ नकोस, आहे त्यातलंच काढ.

आधी पाण्याचं बघू, कारण सह्याद्रीत खरं ओझं तेच. लिटरला किलो, त्यात सूट नाही. चोरदरवाजाने राजगडाच्या पद्मावती माचीवर आलात की टाक्यापाशी बसून पोटभर प्या आणि मगच बाटल्या भरा. पोटातलं पाणी खांद्याला लागत नाही. आळू दरवाजातून उतरल्यावर तोरण्यापर्यंतच्या धारेवर भरवशाचं पाणी नाही, सावलीही तुटक, तेव्हा तिथे तीन लिटर हवंच. तोरण्याच्या बुधला माचीवर पोचलात की थेट पुढच्या उताराला, गेळगाणीकडे सुटायचा मोह होईल. तसं करू नका. कोकण दरवाजातून वर जाऊन मेंगाईच्या देवळाच्या बाजूच्या टाक्यांवर भरून या. वाट वाकडी होते, पण जानेवारीत खालचे ओढे आटायला लागलेले असतात. गेळगाणीच्या दांडाने हारपूड गावात उतरलात की पुढे वस्त्या आहेत, लिटर-दीड लिटर पुरतं. वाट एकच, पण ओझं टप्प्याटप्प्याने बदलतं. लोक मात्र सगळीकडे तीनच लिटर वाहतात.

तंबू काढ. जानेवारीत पावसाची भीती नाही आणि मोहरीत विचारलं तर कुणाच्या तरी पडवीत पाठ टेकायला जागा मिळते. स्टोव्ह, कॅनिस्टर, भांडं घरी ठेव. आधी निरोप दिलास तर पिठलं-भाकरी मिळेल. त्याचे पैसे मागायची वाट न बघता द्यायचे, आणि योग्य तेवढे. त्यांच्या चुलीच्या जिवावर आपली सॅक हलकी होते, हे ध्यानात ठेव. थंडी मात्र पठारावर चांगलीच असते, म्हणून स्लीपिंग बॅग राहू दे. फोमची मॅट खांद्यापासून कमरेपर्यंत पुरेल एवढीच काप, पायांखाली रिकामी सॅक घाल. मी कित्येक वर्षं अशीच झोपते.

खाणं कोरडं आणि स्निग्ध असू दे. ग्रॅमला पिठा-साखरेतून चार कॅलरी मिळतात, तेला-तुपातून नऊ. दाण्याचे लाडू, तूप लावलेल्या दशम्या, सुकं खोबरं, खजूर. फळं आणि ज्यूसचे डबे म्हणजे पुन्हा पाणीच.

घाटपायथा:
कारवीताईंशी सहमत, पण बोराट्याच्या नाळेबद्दल बोलायलाच हवं. ती घाईची वाट नाही. सुटे धोंडे आहेत, पुढे लिंगाण्याच्या सुळक्याच्या अंगाला आडवं जायचं तिथे एका बाजूला दरी आहे. वरच्या माणसाचा पाय सरकला तर दगड खालच्याच्या डोक्यात जातो. दोर आणि जाणकार माणूस सोबत हवा, म्हणजे वजन वाढलं. दोघेच असाल आणि वेगात जायचं असेल तर सिंगापूर नाळेने खालच्या दापोली गावात उतरा, पुढे वारंगीवरून रायगडवाडी. लिंगाणा बघायचाच असेल तर पहाटे रायलिंग पठारावर जा, समोर उभा दिसतो. आणि नाळेत आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. आग्या मोहळं असतात.

मावळवाट:
धन्यवाद दोघांनाही. सिंगापूर नाळ पक्की. तंबू, स्टोव्ह काढून सॅक सातवर आली. बूट बदलू का? आणि काढूच नये असं काय?

कारवी:
ट्रेल रनिंगचे शूज पायात मुरलेले असतील तरच घाल. वाळलेल्या गवतावर आणि सुट्या मातीच्या घसाऱ्यावर तळाची पकड महत्त्वाची, घोट्यापर्यंतची उंची नाही. निघण्याआधी नखं काप, उतारावर अंगठे पुढे आदळून काळेनिळे होतात.

काढू नये ते: प्रत्येकाचा स्वतंत्र हेडटॉर्च आणि जादा सेल, क्रेप बँडेज, ओआरएस, शिट्टी, ऑफलाइन नकाशा. ‘एकाकडे आहे ना’ हे चालणार नाही, चुकामूक झाली की दुसरा अंधारात.

वेग पायांनी कमी, थांबे आवरून जास्त मिळतो. दर तासाला पाच मिनिटं, सॅक न उतरवता. खाऊ बाहेरच्या कप्प्यात ठेव. आणि बुधला माची सोडायला दुपारचे तीन वाजले तर त्या दिवशी मोहरीचा हट्ट सोडा. गेळगाणीच्या पुढे ढोरवाटा इतक्या फुटतात की अंधारात तासन्‌तास जातात. हारपूडला थांबा, तिथेही आधीच निरोप देऊन ठेवा.