मदत हवी आहे: जत्रुकाची घडण मुलांना कशी समजवावी?

सप्रेम नमस्कार. साताऱ्याजवळच्या एका गावात मी नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. मांडीचे हाड आधी कूर्चेचे, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक ऊतीचे असते आणि पुढे त्याचे हाड बनते, तर कवटीची चपटी हाडे पातळ पटलातून थेट तयार होतात, इथपर्यंत मुलांना समजते. पण जत्रुक, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, लांब हाडांत मोडत असूनही बहुतांशी पटलातूनच घडते, गर्भात सर्वांत आधी कठीण होऊ लागते आणि त्याचे छातीकडील टोक उरलेल्या हाडाशी पूर्ण जुळायला मात्र साधारण २५ वर्षे लागतात, हे सांगितले की वर्गात गोंधळ उडतो. मला स्वतःला हेच हाड सर्वांत विलक्षण वाटते. हाडाचा प्रकार आकारावरून ठरतो, घडणीवरून नव्हे, हा भेद दाखवणारी आकृती किंवा शाडूचा नमुना कोणी केला असल्यास कृपया त्याची कृती कळवावी.