‘हात बसला’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत सुई, तार, कॅथेटर म्हणजे बारीक नळी यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या, प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करते आहे. दोन ठिकाणी अडले. शिकता शिकता चुका दाखवणारी ‘फॉर्मेटिव्ह’ आणि एकट्याने काम करू द्यायचं की नाही हे ठरवणारी ‘समेटिव्ह’, दोन्हींना ‘परीक्षा’ म्हटलं तर फरकच पुसला जातो. शिवाय ‘कॉम्पिटन्ट’ला काय म्हणू? सक्षम, पारंगत, निष्णात?

उत्तर : ताई, पहिली जोडी आमच्या शाळेतून उचला. 2010 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ मूल्यमापन चालतं. पालकांच्याही कानावरून गेलेले शब्द आहेत.

उत्तर : सरांचे शब्द घ्याच. मी याच विषयात शिकवतो, म्हणून दुसऱ्याबद्दल लिहितो. ‘निष्णात’ म्हणजे विद्येत न्हाऊन निघालेला, ‘पारंगत’ म्हणजे पैलतीर गाठलेला. नुकती परवानगी मिळालेल्या डॉक्टरला दोन्ही फार मोठे होतात. ‘सक्षम’ चालेल, पण कशासाठी सक्षम ते दर वेळी लिहा. बायॉप्सीला सक्षम असलेला अँजिओप्लास्टीलाही सक्षम असेलच असं नाही.

आम्ही आपसांत मात्र ‘हात बसला’ म्हणतो, आणि मला त्याचीच काळजी वाटते. त्यात केसेसची मोजणी दडलेली असते. हात चुकीच्या सवयीवरही बसतो! स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगरने 1953 मध्ये मांडलेली, रक्तवाहिनीत शिरायची पद्धत घ्या : सुई घाला, तिच्यातून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून कॅथेटर घाला. हे सफाईने करणाऱ्याच्याही तारेचं टोक पडद्याबाहेर गेलेलं असतं, किंवा नजर दुसरीकडे असताना पाय क्ष-किरण सुरू ठेवणाऱ्या पेडलवर दाबलेला राहतो आणि पेशंटला विनाकारण किरणोत्सर्ग मिळतो. आकडा हे पकडत नाही. शेजारी उभं राहून पायरी पायरी बघणारा माणूस पकडतो.

वैद्यकीय शिक्षणाचा अभ्यासक मिलर याने 1990 मध्ये डॉक्टरची क्षमता जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यांना मराठी क्रियापदं पुरतात : माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, करतो.

प्रश्नकर्ती : मग मूल्यमापनाच्या तक्त्यातलं ‘कौशल्य समाधानकारक आहे का’ हे वाक्य काढते. त्याऐवजी ‘तारेचं टोक सतत पडद्यावर ठेवतो’, ‘नजर हटली की पाय पेडलवरून काढतो’ असं लिहिते. पेडलला मराठी काय?

उत्तर : पेडलच. ऑपरेशन सुरू असताना दुसरा शब्द कुणाला आठवणार नाही.