नवं चर्च बांधताना आवाजाचं नियोजन स्लॅबआधी की नंतर?

पहिला_बाक: सर्वांना सलाम. आमच्या मंडळीचं नवं चर्च उभं राहतंय. 25 मीटर लांब, 12 रुंद, 8 उंच. अंदाजपत्रकात साउंड शेवटच्या ओळीत आहे, 'शिल्लक रकमेतून'. मला हे मान्य नाही. स्पीकर, मिक्सर, कॅमेरे, गीतांचे शब्द दाखवणारा मोठा पडदा (स्क्रीन) दोन वर्षांनी घेऊ; पण आवाज किती घुमेल आणि वायरी कुठून जातील हे नकाशावरच ठरलं पाहिजे. प्लास्टरच्या भिंती, गुळगुळीत फरशी, सपाट छत. खोलीचा आकार आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग यांवरून हिशेब करणाऱ्या साबिनच्या सूत्राने काढलं, तर रिकाम्या चर्चमध्ये आवाज विरायला 10 सेकंदांच्या आसपास लागतील, 200 माणसं बसली तरी सुमारे 3. प्रवचनातला शब्द न् शब्द कळायला दीडच्या आसपास हवेत.

जुना_सेक्रेटरी: आधी छप्पर होऊ द्या. हा पैसा दशांशातून आणि अर्पणातून येतो, त्यात मोलमजुरी करणाऱ्या बायांचाही वाटा आहे. मिशनच्या दगडी चर्चमध्ये माइक नव्हते, पाळकसाहेब सावकाश, खणखणीत बोलायचे आणि शेवटच्या बाकापर्यंत कळायचं. घुमलंच तर चार स्पीकर वाढवू.

साउंडवाला_नगर: सेक्रेटरीसाहेब, स्पीकर वाढवले की घुमणंही वाढतं. 1895 मध्ये हार्वर्डच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना, तेव्हा वॉलेस साबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि मोजलं. आवाज शोषणारं काही आत असेल तरच तो विरतो. मागच्या भिंतीला आणि छताला असे पॅनल आत्ताच धरा. मधल्या खांबांवर स्पीकर लावणार असाल तर त्यांना डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. पुढून 20 मीटर यायला आवाजाला जवळजवळ 60 मिलिसेकंद लागतात. माइकच्या वायरींचा पाइप लाइटच्या पाइपापासून वेगळा ठेवा, नाहीतर गुणगुण कायमची. दोन पाइप रिकामे सोडा, आज त्यांचा खर्च नगण्य आहे. नंतर भिंत फोडायला लागते. आणि मिक्सर बाकांमध्येच हवा. काचेच्या खोलीत बसणाऱ्याला मंडळी काय ऐकते ते कळत नाही.

वसईकर_मुलगी: पाइप, पॅनल ठीक. वेदीमागच्या मोठ्या पडद्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. पडदा आला की नजर क्रुसावरून हटते, गीताचं पुस्तक हातातून सुटतं. थेट प्रक्षेपणामुळे चालती-फिरती माणसंही घरी बसतात, हे कोविडनंतर आमच्याकडे दिसलंय.

आईसाठी_विचारतोय: ताई, माझी आई अंथरुणाला खिळलीय. रविवारची उपासना तिच्यापर्यंत फोनवरूनच पोचते. एक स्थिर कॅमेरा, माइकचा आवाज थेट मिक्सरमधून, एवढं पुरे. तेही नको म्हणू नका. आणखी एक. कानयंत्र वापरणाऱ्यांसाठी फरशीखाली वायरचा लूप टाकता येतो, टेलिकॉइल (लूपचा सिग्नल पकडणारी छोटी गुंडाळी) असलेल्या यंत्रात माइकचा आवाज थेट येतो. मात्र काँक्रीटमधल्या लोखंडाने तो क्षीण होतो, म्हणून फरशी बसवण्याआधी चाचणी घ्यावी लागते. अशा माणसांनी मागच्या बाकावर नुसतं बसून राहायचं का?

जुना_सेक्रेटरी: लूपचं मला ठाऊक नव्हतं. पाइप, पॅनल आणि लूप यांना बैठकीत माझं मत मिळेल. कॅमेऱ्यासाठी वेगळं अर्पण गोळा करा, बांधकाम फंडाला हात लावू देणार नाही. पडद्याबाबत मी वसईच्या ताईंच्या बाजूने.

पहिला_बाक: पडद्यावर आपलं जमणार नाही साहेब, बारीक अक्षर न दिसणारी म्हातारी माणसं आमच्या बाकावर बसतात. तो बाजूच्या भिंतीवर घेऊ, हा ठराव मी मांडणारच. स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. पाइपांचा नकाशा कंत्राटदाराकडे या आठवड्यात गेला पाहिजे.