फोमचं आरसी (रिमोटने उडणारं) विमान: टिकणारं आणि पटकन दुरुस्त होणारं कोणतं घ्यावं?

नवा_पंख:
नमस्कार मंडळी, महिनाभर सिम्युलेटरवर हात बसवला आणि मग एक थर्माकोलचं छोटं विमान घेतलं. चौथ्याच लँडिंगला नाक जमिनीत घुसलं आणि बॉडी पंखाच्या पुढे काडकन तुटून दोन तुकडे झाले. घरात इन्स्टंट ग्लू होता तो लावला, तर चिकटायचं सोडून फोमच विरघळला, सांध्यात अंगठा जाईल एवढं भगदाड पडलं. आता दुसरं घ्यायचंय, मुलगापण उडवणार आहे, त्यामुळे आपटणार हे धरूनच चाललोय. फोममध्ये ईपीओ प्रकारचं घ्यावं की ईपीपी? आणि घरच्या घरी दुरुस्त करता येईल असं काय बघून घ्यायचं?

जुनी_धावपट्टी:
तुमचं विमान ईपीएसचं होतं म्हणजे साधा थर्माकोल. तो ताठ आणि हलका असतो पण चिवट नसतो, म्हणून दणका बसला की वाकत नाही, सरळ तुटतो. आणि साधा इन्स्टंट ग्लू, म्हणजे सीए, त्याला खातोच. त्याच्यासाठी फोम-सेफ सीए वेगळा मिळतो.

ईपीओ थोडा रबरासारखा असतो, नखाने दाबलं तर खड्डा पडतो पण सहज तुकडा पडत नाही, आणि साधा सीएसुद्धा त्याला चालतो. बाजारातली बहुतेक तयार विमानं याचीच असतात. ईपीपी सगळ्यात चिवट, पंख हाताने वाकवून सोडला तर परत जागेवर येतो, म्हणूनच एकमेकांना धडका मारायची कॉम्बॅट विमानं त्याची करतात. पण तो लिबलिबीत असल्यामुळे आत कार्बनची कांडी नसेल तर पंख हवेत पिळवटतो, आणि वरून गुळगुळीत दिसत नाही. तुमच्यासाठी माझं मत ईपीओ.

पण मटेरियलइतकंच वजन बघा, हे लोक विसरतात. पंख तेवढाच ठेवून विमान निम्म्या वजनाचं केलं तर ते कमी वेगातही तरंगतं, म्हणजे आपटताना वजनही कमी आणि वेगही कमी, हिशोब केला तर दणक्याची ऊर्जा साधारण चौथाईवर येते. म्हणून हलकं विमान गवतात पडलं तर उचलून झटकून परत उडवता येतं आणि तेवढ्याच आकाराचं जड विमान पिशवीतून घरी न्यावं लागतं.

शेपूटवाला:
वरच्याला अनुमोदन. त्यात एवढंच घालतो की विमान कसं तुटतं ते बघून घ्या. पंख रबर बँडने किंवा नायलॉनच्या बोल्टने बसवलेला असेल तर आपटल्यावर पंख सुटून बाजूला पडतो किंवा बोल्ट तुटतो, फोम वाचतो. पंख बॉडीला कायमचा चिकटवलेला असेल तर सगळा दणका सांध्यावर जातो. प्रॉपेलर पंखाच्या मागे असलेलं पुशर विमान शिकाऊंना चांगलं, कारण नाक आपटलं तरी मोटरचा शाफ्ट वाकत नाही. आणि पंख, शेपूट, प्रॉप हे सुटे मिळतात का ते घ्यायच्या आधीच बघा, नाहीतर चांगलं विमान एका एलिव्हेटरसाठी (शेपटीची हलती पट्टी) पडून राहतं.

उकळतं_पाणी:
ईपीओ घेणार असाल तर ही युक्ती लिहून ठेवा. नाक चेपून त्याच्या घड्या पडतात ना, तुटलेलं नसेल तर बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स काढून घ्या आणि त्या भागावर उकळतं पाणी हळूहळू ओता. फोमचे दाणे डोळ्यादेखत फुगायला लागतात, चेपलेल्या रेषा एकेक करून भरतात. गरमपणामुळे दाण्याची भिंत मऊ होते आणि आत अडकलेली हवा तिला बाहेर ढकलते, एवढंच आहे ते. मग ओल्या फडक्याने धरून सरळ आकारात थंड होऊ द्या. पृष्ठभाग थोडा खडबडीत होतो, बाकी काही नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दहा मिनिटं त्या नाकाकडेच बघत बसलो होतो, इतका आनंद झाला. ईपीपीलाही चालतं. साध्या थर्माकोलवर मात्र करू नका, तो आक्रसतो.

जुनी_धावपट्टी:
गोंदाचं राहिलं. मैदानावर सीए आणि फायबरचे धागे असलेली टेप पुरते. घरी निवांत करायचं तर पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद, तो तुमच्या थर्माकोललाही चालतो. एका बाजूला पातळ थर, दुसरी बाजू ओल्या बोटाने पुसायची, जोडून टेपने घट्ट आवळायचं, कारण तो फुगतो आणि आवळलं नाही तर सांधा स्वतःच उघडतो. काही तास हात लावायचा नाही. ग्लू गन बरेच जण वापरतात, मला पटत नाही, जड होते आणि उन्हात मऊ पडून मोटर माउंट हलायला लागतो. मोटरजवळ आणि पंखाच्या मुळाशी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद), पण अगदी बेताने. ईपीपीला आधी सँडपेपरने घासलं तर गोंद जास्त चांगला धरतो.

तुटलेले तुकडे फेकू नका. फोमचा तुटलेला काठ दुसऱ्या काठात बरोब्बर बसतो, दाण्याला दाणा लागतो, त्यामुळे तो कापून सरळ करू नये.

नवा_पंख:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं विमान तुकडे जपून ठेवल्यामुळे पीयूने जोडलं, भगदाडात फोमचा तुकडा बसवला, सांधा घट्ट आहे. पण हाताने फेकलं की नाक वर करून डावीकडे झुकतं. गोंद चुकला का?

शेपूटवाला:
गोंद नाही, बॅलन्स बघा. दुरुस्तीने वजन कुठेतरी सरकलेलं असतं. बॅटरी लावून दोन बोटांवर पंखाखाली उचला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) खुणेवर नाक किंचित खाली झुकायला हवं. तुमचं बहुतेक शेपटीकडे झुकेल, तर बॅटरी पुढे सरकवा. मग मागून उभं राहून बघा, पंख आणि शेपूट एका रेषेत आहेत का, एका पंखाला पीळ पडलाय का. नाक जोडताना मोटरचा कोनही बदलतो, ती बहुधा थोडी खाली आणि उजवीकडे मुद्दाम वळवलेली असते, ती सरळ झाली की थ्रॉटल देताच विमान असंच वागतं. सर्व्होचे (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दातेही तपासा, हाताने हळू फिरवून कुठे अडकतोय का ते कळतं.

उकळतं_पाणी:
आणि विमान आपटलं त्या दिवशीची लायपो बॅटरी परत लावण्याआधी नीट बघा. फुगली असेल किंवा कोपरा चेपला असेल तर ती वापरायची नाही, चार्जपण करायची नाही. फोम परत जोडता येतो, बॅटरीला दुरुस्ती नाही.

नवा_पंख:
बॅटरी ठीक आहे, कुठेच चेपलेली नाही. सीजी खरंच शेपटीकडे होता, बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली. मोटर मात्र डावीकडे बघतेय, डाव्या बाजूच्या स्क्रूखाली वॉशर घालून उजवीकडे वळवतो आणि उद्या सकाळी वारा पडलेला असताना परत फेकून बघतो.